चमच्यांचा खण

आई शिंपल्यांच्या कारखान्यात डबे भरायची,
आरोसाच्या खाडीवर, सत्तावीस वर्षं.
एका डब्यात सोळा. न मोजता.
एखादा कमी पडला तर बोटांना कळायचं तिच्या,
शेजारच्या एल्विराशी बोलता बोलता, वर न बघता.
आणि घरी चमचे कमी होत होते.

लग्नातले बारा. नाताळात दहा.
"बटाट्याच्या सालींबरोबर गेले असतील," आई म्हणाली.
कार्निव्हलला आठ.
"तूच बाहुल्यांना भरवायला नेतेस. आण परत."
मी अकरा वर्षांची होते,
बाहुल्या कधीच्याच माळ्यावर गेल्या होत्या.
मी गप्प बसले.

परसातली लिंबंही जात होती.
पण शुर्शो सारखं नाक ओढायचा,
म्हणून आई स्वतःच रात्री लिंबू-मध गरम करून द्यायची,
आणि तो प्यायचा,
आणि तिच्या हाताचा मुका घ्यायचा.

हे कुणी सांगत नाही:
त्या हिवाळ्यात तो फार प्रेमळ झाला होता.
सतरावं लागल्यापासून दारं आपटणारा,
आईला चिडून 'दोसिंदा' अशी नावानं हाक मारणारा माझा भाऊ
मऊ बोलू लागला, जड जिभेनं,
नाकाचा शेंडा खाजवत.
जेवताना सूपवर त्याची मान हळूहळू खाली यायची,
खाली,
नाक बुडायच्या आत पुन्हा वर.
"पहाटे बोटीवर जातं पोर, दमतं."
बोटीवरून त्याला फेब्रुवारीतच काढलं होतं.

रात्री खाडीत दिवे न लावता दुसऱ्या बोटी यायच्या.
आधी सिगारेटी आणायच्या,
मग ज्याचं नाव घेत नाहीत ते.
चर्चचं छप्पर नवं झालं होतं त्या वर्षी.
पाणी कुठं मुरतंय, कुणीच विचारत नव्हतं.

एकदा वीज गेली.
मेणबत्तीच्या उजेडात आमच्या मांजरीची बुबुळं
मोठ्ठी, वाटोळी, काळी,
आणि शुर्शोची टाचणीच्या डोक्याएवढी.
मी मांजरीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.
मग पुन्हा मांजरीकडे.
त्यानं हसून ओठांवर बोट ठेवलं,
लपाछपीत ठेवायचा तसं.
आणि मला, देवाशपथ, आनंद झाला,
की गुपित माझ्याजवळ ठेवलं त्यानं.

मेमध्ये आई न्हाणीघराच्या दाराशी उभी,
हातात टॉवेल, आत नळ वाहतोय, अर्धा तास झाला.
"साबण संपला का रे?" विचारतेय. "शुर्शो? साबण?"
तेव्हा मी म्हटलं,
आई, चमचे होडीखाली आहेत.
आजोबांच्या, उलट्या घातलेल्या.
पाच. बुडं काळी झालेली.

एल्विराच्या नवऱ्यानं दार फोडलं.

नंतर कितीतरी दिवसांनी आईनं ते चमचे घासले,
राखेनं, मग वाळूनं, मग नुसत्याच अंगठ्यानं.
चार निघाले.
पाचवा तसाच खणात ठेवला तिनं
आणि रोज सकाळी त्यानंच कॉफी ढवळली,
मरेपर्यंत. का, ते मी विचारलं नाही.

शुर्शो जगला. एल्विराचे दोघे नाही.
तो विगोत बस चालवतो, वरचे दात खोटे आहेत,
अजूनही उन्हाळ्यात लांब बाह्या घालतो.
आईला पुरून आलो त्या संध्याकाळी
स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.
"तुला कधी कळलं होतं?" त्यानं विचारलं.
मेमध्ये, मी म्हटलं.
मेणबत्ती जानेवारीतली होती.

"नाही, म्हणजे... काय बघून?"
मी खण उघडला. हाताला आला तो चमचा दिला.
त्यानं उलटा करून बघितला,
मग साखर न घालताच ढवळत राहिला, बराच वेळ.

"आल्दारा पंधराची झाली," म्हणाला.
"परवा तिनं उगाच माझ्या हाताचा मुका घेतला."